वाकडी टिकली

'साधारण' हा शब्द मॅडमसमोर तोंडातून काढायचा नाही, हे मला नोकरीच्या पहिल्याच दिवशी कळलं. तलासरीच्या कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये मी परिचर म्हणून लागले होते. मॅडम तिथे माझ्या आधीपासून शिकवत होत्या. मी शेगडीवर पाण्याचं भांडं ठेवलं होतं, तर त्या आल्या आणि म्हणाल्या, "किती गरम झालंय?"

"साधारण कोमट."

"साधारण म्हणजे किती?"

मी बोट बुडवून पाहिलं. "आंघोळीला चालेल एवढं."

त्यांनी थर्मामीटर माझ्या हातात दिला आणि मी आकडा वाचेपर्यंत शेजारी उभ्या राहिल्या. मी वाचला. त्यांनी वाकून स्वतः पाहिला, मान हलवली आणि म्हणाल्या, "आता आपली ओळख झाली."

झाईला त्यांची चिकूची वाडी होती. तिथून रोज स्कूटरवर यायच्या, आमच्या झरी गावावरूनच. मी फाट्यावर टमटमची वाट बघत असले तर थांबायच्या, पण मागे बसवताना विचारायच्या, "वजन किती तुमचं?" पहिल्यांदा मला रागच आला. पुढे कळलं की कोणाला मागे घेतल्यावर पेट्रोल किती जास्त लागतं, त्याची त्यांनी वही ठेवली आहे. शिपायांपासून प्राचार्यांपर्यंत सगळे त्या वहीत होते. नावं नव्हती, फक्त किलो.

विद्यार्थ्यांना, अगदी अकरावीच्या पोरांनाही, त्या 'तुम्ही' म्हणत. मलाही सहा महिने तसंच. मग एके दिवशी माझ्या हातून काचेची नळी फुटली आणि मी पळत जाऊन सांगितलं, "मॅडम, मी फोडली." त्या दिवसापासून मी 'तू' झाले. खरं सांगणाऱ्या माणसाशी लांबचं बोलायची गरज नाही, असं त्यांचं म्हणणं.

आमच्या भागात वायरमन असो, गवंडी असो, काम सांगितलं की गुजरातीत म्हणतो, "थई जशे बेन." होऊन जाईल. मॅडम विचारायच्या, "किती वाजता?" बिचारा गोंधळायचा. लग्नाला गेल्या तर जेवायला बसण्याआधी मांडवाच्या मागे जाऊन जनरेटरच्या वायरीला हात लावून बघायच्या. वायर गरम लागली की चेहरा पडायचा. "अर्धी वीज वाटेतच मरतेय," असं म्हणायच्या आणि मग वरणभात जेवायच्या. स्टाफरूममध्ये त्यांच्यामागे लोक डोक्याशी बोट फिरवून दाखवत. त्यांना ते माहीत होतं. त्यांनी त्याची वही ठेवली नव्हती, एवढंच.

गरम वायरीचा त्यांना एवढा त्रास का होतो, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. तरुणपणी त्या एका मोठ्या संस्थेत संशोधन करत होत्या. विषय सुपरकंडक्टर, म्हणजे अतिवाहक. काही पदार्थ भयंकर थंड केले की त्यांच्यातून वीज जाताना अजिबात अडत नाही, वायर गरम होत नाही, काही वाया जात नाही. हे मला त्यांनी एका शनिवारी दुपारी, खलात पूड घोटता घोटता सांगितलं.

"असा पदार्थ चुंबकाला आत येऊ देत नाही," त्या म्हणाल्या. "पण काही पदार्थांत चुंबकाचा जोर थोडा आत शिरतोच. बारीक बारीक धाग्यांसारखा. आणि प्रत्येक धाग्याभोवती वीज गरगर फिरत राहते. तो भोवरा."

"एकच?"

"हजारो. आणि ते एकमेकांपासून सारखं अंतर ठेवून उभे राहतात. तुमच्याकडे आवणीला भाताची रोपं लावतात, त्याहून सरळ. मग पदार्थ किंचित तापवत नेला की एका क्षणी ती सगळी रांग मोडते. बर्फाचं पाणी होतं ना, तसं भोवऱ्यांचं पाणी होतं. पदार्थ घट्टच असतो. वितळतात ते फक्त भोवरे."

त्यांना तो क्षण पकडायचा होता. त्यासाठी स्फटिक अगदी निर्मळ लागतो, कारण जरा कुठे खोट असली की भोवरे त्या खोटेत अडकून बसतात आणि वितळणं नीट दिसत नाही. दोन वर्षं खपून त्यांनी असा एक स्फटिक तयार केला आणि मोजमापाच्या आलेखात त्यांना रेघेचा झटका दिसला. एकाच तापमानाला, सरळ उभा. त्या धावत मार्गदर्शक सरांकडे गेल्या. सर म्हणाले, "वायरचा जोड सैल असेल. परत लावा."

"मी अकरा वेळा लावला," मॅडम म्हणाल्या. "अकराही वेळा झटका आला. सर दुसऱ्या मजल्यावर बसायचे, लॅब तळमजल्यावर. ते एकदाही खाली आले नाहीत."

मग झाईला त्यांच्या वडिलांना अर्धांगवायू झाला. वाडी बघायला कोणी नव्हतं. त्या आल्या त्या परत गेल्याच नाहीत. पुढे दुसऱ्या देशातल्या कोणीतरी तसाच झटका पाहिल्याचं छापून आलं.

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? त्या वर्षी चिकूला बहर चांगला होता." आणि खल माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, "थांबू नकोस. अजून खरखर लागतेय."

ही पूड आमच्याच सुपरकंडक्टरची होती. निवृत्तीला तीन वर्षं उरली तेव्हा मॅडमनी ठरवलं की तलासरीच्या लॅबमध्ये तो बनवायचा. प्राचार्य म्हणाले, अभ्यासक्रमात नाही. मॅडम म्हणाल्या, अभ्यासक्रमात थर्मामीटर आहे, तेवढं पुरे. दागिन्यांचे साचे बनवणाऱ्या एका कारखान्यातून त्यांनी जुनी भट्टी आणली. पूड दाबून गोळी करायला हायवेवरच्या गॅरेजातला ट्रकचा जॅक आणला. ऑक्सिजनचा सिलिंडर वेल्डिंगवाल्याकडून. राहिला द्रव नायट्रोजन, तयार झालेली गोळी थंड करायला. तो आणायचा कुठून?

तो सापडला गायींकडे. आमच्या भागात गावोगाव फिरून गायी-म्हशींना कृत्रिम रेतन करणारे एक गृहस्थ आहेत. सगळे त्यांना डॉक्टर म्हणतात. वळूचं वीर्य गोठवून ठेवायला त्यांच्या मोटरसायकलला नायट्रोजनचा कंटेनर बांधलेला असतो. मॅडमनी त्यांना भर रस्त्यात थांबवलं. महिन्यातून एकदा नवीन भरणा येतो, तेव्हा जुन्यातला उरलेला थर्मासभर द्यायचं त्यांनी कबूल केलं. "पण बाई, कशासाठी?" त्यांनी विचारलं. मॅडमनी रस्त्यातच सगळं समजावलं. डॉक्टर म्हणाले, "गायीचं सोपं आहे."

तीन रसायनांच्या पुडी मोजून घ्यायच्या, घोटायच्या, भाजायच्या, परत घोटायच्या, दाबून पाच रुपयांच्या नाण्याएवढी गोळी करायची, परत भाजायची, मग ऑक्सिजनमध्ये ठेवायची. मॅडम तिला पेलेट म्हणत, मी टिकली. त्यातली एक पूड उंदराच्या विषात घालतात, म्हणून मॅडम मला तोंडाला फडकं बांधल्याशिवाय डबा उघडू देत नसत. जमलं तर टिकली काळी निघते. बिघडलं तर हिरवी. आमच्या पहिल्या सात टिकल्या हिरव्या निघाल्या, शेवाळासारख्या. मॅडम प्रत्येक वेळी वहीत लिहायच्या, 'हिरवी', आणि टिकली खिडकीतून मागच्या गवतात भिरकावून द्यायच्या. मग हात धुवायच्या आणि म्हणायच्या, "पुढची." आठवी काळी आली. त्या दिवशी त्यांनी लॅबमध्ये मला चहा करून दिला. स्वतः. साखर तराजूवर मोजून.

काळ्या टिकलीवर नायट्रोजन ओतला तेव्हा छोटा चुंबक तिच्यावर जेमतेम तरंगला. नखाएवढा वर, आणि फुंकर मारली की घसरून पडायचा. बारावीची पोरं टाळ्या वाजवत होती.  "अजून स्वच्छ हवी," मॅडम एवढंच म्हणाल्या.

मग ती गोष्ट घडली. मॅडम वाडीच्या कामासाठी रजेवर होत्या आणि भट्टीवर मी होते. नऊशे चाळीस अंशांवर ठेवायची होती. मीटर तेवढंच दाखवत होतं, पण दुपारी भट्टीच्या दाराच्या फटीतला उजेड मला वेगळा दिसला. नेहमी नारिंगी असतो. आज पिवळटपांढरा. बघते तर तापमान मोजणारी तार भोकातून निम्मी बाहेर सरकली होती. आत ढकलली तर आकडा एक हजार चाळीस! मी मॅडमना फोन लावला.

"एकदम बंद करू नकोस," त्या म्हणाल्या. "विटा तडकतील. थोडं थोडं उतरव."

मी तसंच केलं. कॉलेज सुटलं तरी भट्टीसमोर बसून राहिले. दुसऱ्या दिवशी उघडली. चारपैकी तीन टिकल्या वितळून मुशीला चिकटल्या होत्या. चौथी सुटी निघाली, पण पापडासारखी वाकडी, आणि काळ्यावर हिरवे ठिपके. मॅडमनी एकदा पाहिलं. "टाकून दे," म्हणाल्या. तार कशी सरकली याबद्दल चकार शब्द बोलल्या नाहीत, उलट स्वतःच्या हाताने ती मातीने लिंपून पक्की केली.

मी टिकली टाकली नाही. का, ते आजही सांगता येणार नाही. दिवसभर तिच्यासमोर बसले होते म्हणून असेल. पुढच्या आठवड्यात नव्या टिकल्या ऑक्सिजनच्या नळीत ठेवताना शेवटी जागा उरली होती, तिथे मी ती सरकवून दिली.

डॉक्टर नायट्रोजन घेऊन आले. नव्या काळ्या टिकल्या तपासून झाल्या, पुन्हा तेच, जेमतेम तरंगणं. इतक्यात प्राचार्यांनी मॅडमना बोलावलं. थर्मासात तळाशी थोडा नायट्रोजन उरला होता, पाच मिनिटांत उडून जाणारा. मी वाकडी टिकली थर्माकोलच्या वाटीत ठेवली, तिच्यावर पुठ्ठ्याचा तुकडा, त्यावर चुंबक, आणि ओतला. फसफस थांबल्यावर पुठ्ठा काढून घेतला आणि चुंबक चिमट्याने उचलला.

खालची टिकली मागोमाग उठली.

मधे तांदळाच्या दाण्याएवढी फट होती. खाली टिकली लोंबत होती, वर चुंबक, आणि मधे काहीच नाही. टेबलावर बसचं जुनं तिकीट पडलं होतं, ते मी फटीतून आरपार नेलं. मग टिकली गरम झाली आणि टपकन पडली.

मॅडम आल्या तेव्हा थर्मास रिकामा होता. मी एका दमात सगळं सांगितलं.

"बर्फ," त्या म्हणाल्या. "हवेतली वाफ गोठली आणि दोन्ही चिकटले."

"फट होती मॅडम. मी तिकीट घातलं मधून."

"घाईत माणसाला हवं ते दिसतं."

"मला काय हवं होतं? मला काही माहीतच नव्हतं असं होतं म्हणून!"

"ती टिकली बिघडलेली आहे. तिच्यात हिरवा माल आहे, त्याच्यातून काही होत नाही. टाकायला सांगितलेलं टाकत जा."

मी तरीही वहीत लिहिलं, वेळ घालून. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावर लाल रेघ होती आणि शेजारी मॅडमच्या अक्षरात, 'निरीक्षण अविश्वसनीय'.

चार दिवस मी कामापुरतं बोलले. पाचव्या दिवशी मॅडमनी खल खाली ठेवला. "काय झालंय तुला?"

"काही नाही."

"'काही नाही' हे उत्तर नाही."

मग मी बोलले.  "तुमचे सर खाली आले नाहीत, असं तुम्ही सांगितलं होतंत. ते निदान वरच्या मजल्यावर होते. तुम्ही तर बाजूच्याच खोलीत होतात. परत आलात, टिकली समोर होती. तुम्ही तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही."

मॅडमनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला.  हेल्मेट घेतलं आणि निघून गेल्या. तास बाकी होता. इतक्या वर्षांत त्यांनी तास कधी सोडला नव्हता. पोरं येऊन विचारू लागली, मॅडम कुठे, आणि मला वाटलं, आपली नोकरी गेली.

दोन दिवस त्या आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी रविवार. मी झरीला घरी अंगणात सुपात नागली पाखडत होते. डॉक्टरांची मोटरसायकल अंगणात शिरली आणि तिच्यामागे मॅडमची स्कूटर. माझे वडील गोठ्यातून लगबगीने बाहेर आले. "डॉक्टर, आमची गाय तर गाभण आहे. बोलावलं कोणी?"

"आज गाय नाही, बाबा," डॉक्टर म्हणाले. "आज फिजिक्स."

मॅडम स्कूटरवरून उतरल्या. थर्मास, चिमटा, चुंबक सगळं पिशवीत होतं; पुढच्या भरण्याची वाट न बघता डॉक्टरांच्या कंटेनरमधलाच नायट्रोजन त्यांनी मागून घेतला होता. "ती टिकली कुठे आहे?"

"तुम्ही टाकायला सांगितली होती."

"टाकलीस?"

मी आत गेले. टिकली कापसात गुंडाळून माझ्या बांगड्यांच्या डब्यात ठेवली होती. आणून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती घेतली नाही. दोन्ही हात पाठीमागे बांधले.

"मी हात लावणार नाही," म्हणाल्या. "तू कर. मी बघते."

आईने पाट आणून ठेवला. मी त्यावर वाटी मांडली, टिकली, पुठ्ठा, चुंबक. ओतला. पांढरा धूर पाटावरून अंगणात उतरला, कोंबड्या पळाल्या. पुठ्ठा काढला. चुंबक उचलला.

टिकली उठली.

मॅडम गुडघ्यांवर बसल्या, त्या शेणाने सारवलेल्या अंगणात, इस्त्रीच्या साडीत. डोळे फटीच्या अगदी जवळ नेले. "कागद," म्हणाल्या. मी घातला. आरपार गेला. "उलटं कर." मी बांबूच्या चिमट्याने टिकली वर धरली आणि चुंबक सोडला. तो खाली अधांतरी लटकत राहिला. वारा आला, किंचित हलला, परत जागेवर आला.

माझे वडील उकिडवे बसून बघत होते. "याला धरलंय कोणी?"

"भोवऱ्यांनी," मॅडम म्हणाल्या. मग माझ्याशी बोलायच्या त्याच सुरात त्यांना सांगू लागल्या. चुंबकाचे धागे आत शिरलेत, हिरव्या ठिपक्यांपाशी अडकून बसलेत. ते हलू शकत नाहीत, म्हणून चुंबकही हलू शकत नाही.

"म्हणजे बिघडली म्हणून धरते?" वडिलांनी विचारलं.

"हो."

"आणि तुम्हाला हे माहीत नव्हतं?"

"माहीत होतं," मॅडम म्हणाल्या. "पुस्तकात वाचलेलं होतं. पण मी सगळी वर्षं खोट काढून टाकायलाच शिकले. दिसली की फेकायची सवय लागली होती." त्या उठल्या, साडीचं शेण तसंच राहू दिलं. "तुमच्या मुलीने हे आधीच पाहिलं होतं. मी न बघता खोटं ठरवलं. चूक माझी."

वडील अवघडले. "असू द्या बाई. मोठ्या माणसांकडून होतं असं."

"मोठ्या माणसांकडूनच होता कामा नये," मॅडम म्हणाल्या.

स्कूटरच्या डिकीतून त्यांनी वही काढली. मला वाटलं, लाल रेघ खोडतील. खोडली नाही. "ती राहू दे. ती माझी आहे," म्हणाल्या, आणि पेन माझ्या हातात दिलं. मी खाली लिहिलं. साक्षीदार म्हणून डॉक्टरांनी सही केली, वडिलांनीही केली.

पण मॅडमचं त्याने भागलं नाही. एकदा झालं म्हणजे झालं नाही, असं त्यांचं. आता मुद्दाम तशीच टिकली करून दाखवायची. भट्टी मुद्दाम चढवायची, मुद्दाम हळू उतरवायची. कधी टिकली पार वितळून जायची, कधी तडकायची. वीज गेली की अख्खा दिवस फुकट. मॅडम निवृत्त झाल्या, निरोपसमारंभाला नको म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळेला लॅबमध्ये हजर. नवीन प्राचार्यांनी विचारलं, कोणत्या नात्याने? मॅडम म्हणाल्या, "यांची मदतनीस," आणि माझ्याकडे बोट दाखवलं. आठ महिन्यांनी चुंबक लटकवून धरणाऱ्या पाच टिकल्या आमच्याकडे झाल्या.

एका विद्यापीठात फिजिक्स शिकवणाऱ्यांचा मेळावा होता. मॅडमनी आमचं काम पाठवलं आणि बोलायला माझं नाव दिलं. मी नाही म्हणाले, रडले, आजारी पडायचंही ठरवून पाहिलं. मॅडम रोज एकच म्हणायच्या, "पाहिलं कोणी?"

मी बोलले. मधे दोनदा अडखळले, पण टिकली लटकली तेव्हा सभागृहात कोणी हललं नाही. मग प्रश्न. पहिल्या रांगेतले एक गृहस्थ उठले. आवाज मऊ होता.

"ताई, छान. तुमचं शिक्षण किती झालंय?"

"बारावी," मी म्हणाले. "फिजिक्समध्ये नापास."

मागे कोणीतरी हसलं.  मला वाटलं, आता टिकल्या गोळा कराव्यात आणि खाली उतरावं. तेवढ्यात अगदी शेवटच्या रांगेत खुर्ची मागे सरकल्याचा मोठा आवाज झाला. मॅडम उभ्या होत्या.

"प्रश्न टिकलीबद्दल विचारा," त्या म्हणाल्या.

गृहस्थांनी मागे वळून पाहिलं. मग टेबलावर पाहिलं. 

"उतरवताना," त्यांनी मला विचारलं, "वेग किती ठेवला होता?"

"हजार दहापासून नऊशे साठपर्यंत, तासाला आठ अंश."

त्यांनी खिशातून पेन काढलं आणि लिहून घेतलं.